पडण्याची सोय

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'सोसायटीतले खेळ' हा विषय समितीनं माझ्या गळ्यात घातला, त्याचं कारण उघड आहे. मी आयुष्यभर शाळेत पी.टी.चा मास्तर होतो आणि इथे राहायला आल्यापासून गेली पंचवीस वर्षं ए विंगच्या गॅलरीतून खाली खेळणारी मुलं पाहतोय. समितीची अपेक्षा अशी होती की मी कॅरम, बॅडमिंटन आणि बॉक्स क्रिकेटच्या विजेत्यांची जंत्री द्यावी. ती सांस्कृतिक मंडळाच्या अहवालात आलेलीच आहे. म्हणून मी थोडा वेगळा इतिहास लिहायचं ठरवलं. मुलं खेळताना पडतात, त्यांना लागतं, आणि ते जिवावर बेतू नये म्हणून लोकांनी आजवर काय काय केलं, त्याचा हा इतिहास. तो शाळेच्या पुस्तकात नसतो. पण महोत्सवी वर्षातल्या कामांच्या यादीत आपल्या आर.जी.चा, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेचा, प्रश्न आहे. त्यावर हात वर करण्यापूर्वी हा इतिहास सगळ्यांना ठाऊक असावा, असं मला वाटतं.

तालमीतली माती

सुरुवात आपल्याच घरापासून करू. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत ज्यांचं जाणं-येणं झालंय, त्यांना कुस्तीचा हौदा आठवत असेल. ती माती अंगणातली साधी माती नसते. चाळलेल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं कायकाय मिसळलेलं असतं. एवढ्यावर भागत नाही. ती माती नेमानं फावड्यानं उकरून मोकळी करायची, कारण दोन दिवस तशीच ठेवली तर दबून घट्ट होते. उकरायचं काम बहुतेक वेळा नव्या पोरांकडे असतं, आणि त्यांचा अर्धा व्यायाम त्यातच होतो.

आता विचार करा, कुस्ती म्हणजे समोरच्याला आपटायचाच खेळ. आपल्या वस्तादांनी आपटणं बंद केलं नाही. ज्या जमिनीवर आपटायचं ती जमीन तयार केली. खरचटलं तर हळद मातीतच आहे, पाठ टेकली तर खाली भुसभुशीत आहे. मल्लखांबाचंही तसंच. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली असं आपण मानतो. लाकडाला एरंडेल लावून केलेला हा व्यायाम वरवर पाहता धोक्याचाच वाटतो. पण कुठल्याही चांगल्या मल्लखांब वर्गात नव्या मुलाला आधी सोपी पकड, मग सोपी उडी, आणि सगळ्यात आधी खाली उतरायचं कसं ते शिकवतात. उडी मारली की चवड्यावर यायचं, गुडघे वाकवायचे, ताठ पायावर यायचं नाही.

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदोची शाळा काढली. तिथेही पहिला धडा 'उकेमी', म्हणजे पडण्याची कला. हात कसा आपटायचा, हनुवटी छातीशी कशी लावायची, डोकं जमिनीला कसं लागू द्यायचं नाही. समोरच्याला पाडायला त्यानंतर शिकवतात. मी शाळेत ज्युदो शिकवला नाही, पण पाचवीच्या वर्गाला गादीवर कोलांट्या मारायला लावताना मनात हेच असायचं. ज्याला नीट पडता येतं, तो उगाच घाबरत नाही. आणि न घाबरणारं मूल कमी वेळा पडतं, हा माझा अनुभव आहे.

वाळूचा ढीग

मुलांसाठी म्हणून राखलेली खेळाची जागा ही कल्पना तशी फार जुनी नाही. पूर्वी मुलं शेतात, नदीवर, गल्लीत खेळायची. शहरं दाटली, गल्लीत घोडागाड्या वाढल्या, तेव्हा प्रश्न आला. १८८५ साली अमेरिकेतल्या डॉक्टर मारी झाक्शेफ्स्का बर्लिनला गेल्या होत्या. तिथल्या सार्वजनिक बागांत वाळूचे ढीग टाकलेले आणि त्यात सगळ्या थरांतली मुलं खेळतायत, असं त्यांनी पाहिलं आणि बॉस्टनला पत्र लिहून कळवलं. तिथल्या महिलांच्या एका संस्थेनं त्याच वर्षी गरीब वस्तीतल्या एका प्रार्थनाघराच्या आवारात वाळूचा ढीग टाकला. अमेरिकेतल्या बालक्रीडांगणांची सुरुवात इथून मानतात. घसरगुंड्या आणि झोपाळे मागून आले. पहिलं आलं ते अंगाखालचं मऊ.

पुढे दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कवर जर्मनीचा ताबा होता. तिथले एक उद्यानरचनाकार, सी. टी. सोरेनसेन, यांच्या लक्षात आलं होतं की आपण आखून दिलेल्या सुंदर बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागेवर, फळ्या-विटांच्या पसाऱ्यात जास्त रमतात. १९४३ साली कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथल्या वसाहतीत अशी एक जागा मुद्दाम तयार करण्यात आली. फळ्या, खिळे, हातोड्या, फावडी, आणि मुलांनी स्वतः बांधायच्या झोपड्या. ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. पण तिथे एक मोठा माणूस कायम हजर असे. तो मुलांना 'हे करू नका, ते करू नका' म्हणत नसे. हत्यार कसं धरायचं ते दाखवायचा आणि नजर ठेवायचा. युद्धानंतर इंग्लंडच्या लेडी ॲलन यांनी ही जागा पाहिली आणि लंडनमध्ये बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागांवर तशीच क्रीडांगणं उभी करायची चळवळ चालवली.

आपल्या सोसायटीच्या पहिल्या रहिवाशांना यावरून काहीतरी आठवायला हवं. आपण राहायला आलो तेव्हा सी विंगचं प्लास्टर चालू होतं आणि गेटजवळ रेतीचा भलामोठा ढीग होता. आपली तेव्हाची मुलं, जी आता स्वतः आईबाप झाली आहेत, जोत्यावरून त्या रेतीत उड्या टाकायची. केसांतून रेती निघायची म्हणून घरोघरी ओरडा बसायचा. दोन पावसाळे तो ढीग तिथे होता. त्यावरून उडी मारून कोणाचा हात मोडल्याचं मला आठवत नाही.

आंब्याच्या झाडावरून पडलेला मुलगा

सोसायटीतल्या मुलांचा इतिहास लिहायचा तर एका दुसऱ्या सोसायटीचं नाव घ्यावंच लागेल. वांद्रे पूर्वेला साहित्य सहवास ही लेखकांची वसाहत आहे. तिथे कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर राहत. त्यांचा धाकटा मुलगा फार दांडगोबा. एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर 'गाइड' सिनेमा लागला होता आणि सगळी वसाहत घरात बसली होती. ती संधी साधून हा मुलगा झाडावर चढला आणि तिथून पडला. ही हकीकत त्याच्याविषयीच्या लेखांत बरेचदा येते. घरातल्यांनी काय केलं? मोठ्या भावानं, अजितनं, त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

ही गोष्ट मी वर्गात सांगायचो, पण सचिन मोठा झाला म्हणून नव्हे. झाडावरून पडलेल्या पोराला घरात कोंडून ठेवायचा रस्ताही मोकळा होताच. त्या घरानं त्याच्या अंगातल्या जोराला मैदान दिलं आणि डोळ्यात तेल घालून पाहणारा मास्तर दिला. प्रत्येक मूल सचिन होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. जोर मात्र प्रत्येकात असतो. खाली जागा मिळाली नाही तर तो जिन्यात, गच्चीवर, लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये निघतो.

डोक्याची किंमत

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर डोक्याचा इतिहासही सांगतो. १९६२ च्या मार्चमध्ये भारताचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. ब्रिजटाऊनला बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटीला तडा गेला. ते अनेक दिवस मृत्यूच्या दारात होते. त्यांना रक्त देणाऱ्यांत आपले पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी होते आणि वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, डोक्यात धातूची पट्टी बसवून पुन्हा देशातले सामनेही खेळले, पण कसोटी सामना पुन्हा त्यांच्या नशिबी आला नाही. ती पट्टी काढली ती थेट २०२२ साली, मुंबईत, साठ वर्षांनी.

एवढं झाल्यावर लगेच हेल्मेट आलं असेल असं वाटतं ना? नाही. कसोटी सामन्यात पहिल्यांदा हेल्मेट घातलं ते ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यालपनं, १९७८ च्या मार्चमध्ये, आणि योगायोग म्हणजे त्याच ब्रिजटाऊनला. मध्ये सोळा वर्षं गेली. आणि यालप मैदानात आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मर्दाच्या खेळात हे कसलं शिरस्त्राण, असा सूर होता.

पुढे १९९८ च्या फेब्रुवारीत आपला रमण लांबा ढाक्याला क्लबचा सामना खेळताना फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. षटकाचे थोडेच चेंडू उरलेत म्हणून त्यानं हेल्मेट मागवलं नाही, असं सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं. फटका डोक्यावर बसला आणि तीन दिवसांनी तो गेला. वय ३८. २०१४ च्या नोव्हेंबरात सिडनीला फिलिप ह्यूजच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पण चेंडू त्याच्या खाली मानेवर लागला. दोन दिवसांनी तोही गेला. त्यानंतर हेल्मेटच्या मागे मानेचं संरक्षण आलं. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेता येतो. डोक्यासाठी अख्खा खेळाडू बदलायची सोय क्रिकेटनं दिली, कारण डोक्याच्या माराला 'चल, थोडं पाणी मार आणि खेळ' हे चालत नाही.

आपल्या मुलांसाठी यातून घ्यायचं ते इतकंच. रबरी किंवा टेनिस बॉलनं खेळतायत तोवर डोळ्यांची काळजी पुरे. पण सीझन बॉल हातात आला की हेल्मेट, पॅड आणि गार्ड नसताना एकही चेंडू खेळायचा नाही, नेटमध्येसुद्धा नाही. आणि कोणत्याही खेळात डोकं आपटलं, मूल गोंधळलेलं वाटलं, डोकं दुखतंय म्हणालं, उलटी झाली, झोपाळलं किंवा दोन-दोन दिसतायत म्हणालं, तर खेळ तिथेच बंद आणि थेट डॉक्टर. 'खेळू दे ना काका, काही झालं नाही' असं मूल म्हणणारच. तेव्हा ऐकायचं नाही.

थर आणि वय

मुंबईत मुलांच्या सुरक्षेवर सगळ्यात जास्त वाद झाला तो दहीहंडीवरून. हंडीचे थर वाढले तसं वरच्या थराला हलकं अंग लागायला लागलं, आणि हलकं अंग म्हणजे लहान मूल. सगळ्यात उंचावर सगळ्यात लहान पोर, असा हिशेब झाला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि उंचीवर वीस फुटांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयानं काही दिवसांतच त्या आदेशाला स्थगिती दिली. २०१६ साली मात्र त्याच न्यायालयानं या अटी सैल करायला नकार दिला. २०१७ साली चौदा वर्षांखालच्या मुलांना घेणार नाही असं राज्य सरकारनं उच्च न्यायालयाला सांगितलं, ते न्यायालयानं मान्य केलं आणि उंचीची मर्यादा उठली. पुढे गोविंदांचा विमा आला आणि हंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणाही झाली.

या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं होतं. सण आपला आहे आणि थर रचणं हा मोठा सांघिक व्यायाम आहे. पण मोठ्या माणसानं स्वतःच्या मर्जीनं धोका पत्करणं वेगळं आणि आठ वर्षांच्या पोराच्या वतीनं आपण पत्करणं वेगळं. आपल्या सोसायटीच्या हंडीत आपण पहिल्यापासून तीन थरांच्या वर गेलो नाही आणि खाली गाद्या घातल्या. बाहेरच्या मंडळांनी चिडवलं, 'गादीवाले गोविंदा' म्हणाले. म्हणेनात. आपल्या आवारात कोणी जायबंदी झालं नाही आणि मजाही कमी झाली नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

गाडीशी खेळ नाही

आतापर्यंत सांगितलेले सगळे धोके असे होते की ते कमी करता येतात आणि त्यातून मूल काही शिकतंही. एक धोका असा आहे की ज्यातून मूल काहीच शिकत नाही. तो म्हणजे गाडी.

नेदरलँड्स म्हटलं की आपल्याला सायकली आणि शांत रस्ते आठवतात. पण १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. अपघातात स्वतःची मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानं १९७२ साली लेख लिहिला, त्याच्या मथळ्याचा अर्थ 'मुलांची हत्या थांबवा' असा होता. त्यातून मोठी चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांसकट रस्त्यावर येऊन बसले. त्याआधीच डेल्फ्ट शहरात रहिवाशांनी आणि नगररचनाकारांनी एक प्रयोग केला होता. गल्लीत झाडं, बाकं, वळणं अशी आणून ठेवली की गाडीला माणसाच्या चालीनंच जावं लागेल. याला ते 'वोनेर्फ' म्हणतात, म्हणजे राहण्याचं अंगण. १९७६ साली त्याला कायद्याचं रूप मिळालं. अशा गल्लीत मुलांना रस्ताभर खेळायचा हक्क आहे, आणि जपून जायची जबाबदारी गाडीवाल्याची.

दुसरी हकीकत अमेरिकेतली, लिहायलाही जड जाते. २००२ साली न्यूयॉर्कजवळ एका घराच्या आवारात दोन वर्षांचा मुलगा मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून गेला. गाडी त्याचे वडीलच चालवत होते. ते स्वतः मुलांचे डॉक्टर. आरशात मूल दिसलंच नाही, कारण गाडीच्या मागे बुटकं मूल दिसतच नाही. २००८ साली त्या मुलाच्या नावानं कायदा झाला आणि २०१८ च्या मे महिन्यापासून तिथल्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. २००२ ते २०१८, इथेही मध्ये सोळाच वर्षं गेली. नियम अपघाताच्या मागून इतक्या सावकाश चालत येतो.

आपल्याकडे २००० साली गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज संध्याकाळी साडेसहा ते आठ हीच ऑफिसातून गाड्या आत यायची वेळ आणि हीच मुलांची खेळायची वेळ. वॉचमनदादा शिट्टी वाजवून वाजवून दमतात. डबा ऐसपैस खेळणारं पोर लपायला कुठे बसतं, तर उभ्या गाडीच्या मागे. तेवढ्यात त्या गाडीचा मालक खाली आला आणि त्यानं रिव्हर्स टाकला, तर? आजवर काही झालं नाही, ही देवाची कृपा. पण देवाच्या कृपेवर सोसायटीचे उपविधी चालत नाहीत.

आपलं आर.जी.

आता मूळ मुद्दा. ही मोकळी जागा बिल्डरनं मेहेरबानी म्हणून सोडलेली नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार भूखंड हजार चौरस मीटरच्या वर असेल तर १५ टक्के, अडीच हजारांच्या वर २० टक्के आणि दहा हजारांच्या वर २५ टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवावी लागे. आपल्या मंजूर नकाशात ती हिरव्या रंगात दाखवलेली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी ऑफिसात जाऊन पाहावी.

या जागेवर घसरगुंडी, दोन झोपाळे आणि सी-सॉ बसले तेव्हा खाली माती होती. पावसाळ्यात चिखल व्हायचा, तो मुलांच्या पायांनी लिफ्टपर्यंत यायचा, जिने पुसणाऱ्या मावशींची कटकट व्हायची. म्हणून सर्वानुमते खाली पेव्हर ब्लॉक बसवले. जागा चकाचक झाली. पुढच्याच मे महिन्याच्या सुट्टीत बी विंगमधली एक सात वर्षांची मुलगी घसरगुंडीच्या शिडीवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हा खाली जमलेल्या गर्दीत मी जे ऐकलं ते असं: मुलगी फार मस्तीखोर आहे, आईचं लक्ष नव्हतं, घसरगुंडीच काढून टाका. खालच्या ब्लॉकबद्दल कोणी काही बोललं नाही. मुलगी तीच, शिडी तीच, उंची तीच. बदललं होतं ते फक्त खालचं.

अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगानं १९८१ साली क्रीडांगणांसाठी मार्गदर्शिका काढली आणि ती वेळोवेळी सुधारली. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या वस्तादांना न वाचता ठाऊक होत्या. डांबर आणि काँक्रीट खेळण्यांखाली चालत नाही. नुसतं गवत आणि दबलेली मातीही पुरेशी नाही, कारण ती तुडवून घट्ट होते. सुमारे नऊ इंच जाडीचा वाळूचा थर असेल तर चार फुटांवरून पडलेल्याला आधार मिळतो. खेळण्याच्या चारी बाजूंना सहा फूट मोकळं हवं. झोपाळ्याच्या पुढे-मागे त्याहून जास्त, झोपाळा टांगलाय त्या उंचीच्या दुप्पट. गळ्याभोवतीच्या दोऱ्या अडकून फास बसू शकतो, म्हणून ओढणी, नाडीचे टोप आणि गळ्यातली दोरी काढूनच खेळायला पाठवायचं. पत्र्याची घसरगुंडी उन्हात तापते, म्हणून ती सावलीत हवी. यातलं काही अवघड आहे का?

महोत्सवी वर्षातल्या कामांत एक सूचना अशी आहे की जुनी खेळणी गंजली आहेत, ती काढावीत आणि त्या जागी सहा गाड्यांची सोय करावी. सूचना मांडणाऱ्यांचीही अडचण खरी आहे. रात्री दहानंतर आलेल्या माणसाला गाडी लावायला जागा नसते, आणि भांडणं वॉचमनवर निघतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण गाडी रस्त्यापलीकडच्या भाड्याच्या पार्किंगमध्ये ठेवता येते. सहा वर्षांचं मूल भाड्याच्या जागेत खेळायला पाठवता येत नाही.

माझं म्हणणं वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडेनच, इथे थोडक्यात लिहून ठेवतो. खेळण्यांखालचे पेव्हर ब्लॉक काढून नऊ ते बारा इंच वाळू टाकावी, बाजूनं जुन्या टायरची किनार करावी, म्हणजे पावसात वाहून जाणार नाही. रात्री वरून जाळी पसरावी, म्हणजे मांजरांचा त्रास होणार नाही, ही सी विंगमधल्या आजींची रास्त सूचना आहे. दर रविवारी ती वाळू उकरून मोकळी करायची, तालमीतल्या हौद्यासारखी, आणि हे काम मुलांनाच द्यावं. त्यांना ते आवडेल. गंजलेली शिडी बदलावी, पण घसरगुंडी राहू द्यावी. संध्याकाळी साडेसहा ते आठ मधला रस्ता गाड्यांना बंद, गेटजवळच्या पट्ट्यात तेवढा वेळ तात्पुरत्या गाड्या उभ्या कराव्यात. दर संध्याकाळी आळीपाळीनं एक मोठा माणूस खाली बाकावर हजर असावा, तोही हातातला मोबाईल खिशात ठेवून. वॉचमनच्या केबिनमध्ये प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात लावावा. यादीतलं पहिलं नाव माझं लिहा, गुडघे साथ देतायत तोवर मी बसेन.

आणि एक विनंती. नोटीस बोर्डाशेजारी 'आवारात खेळण्यास मनाई' अशी पाटी आहे. एका काचेवरून ती लागली होती. ती काच बदलूनही आता बरीच वर्षं झाली. पाटी अजून आहे आणि मुलं तिच्याच खाली टिपी-टिपी टिप टॉप खेळतात. रौप्यमहोत्सवाच्या रंगरंगोटीत ती पाटी काढली तर भिंतही बरी दिसेल.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, लिफ्ट, सीसीटीव्ही, सौर दिवे असं बरंच काही केलं. त्या प्रत्येक कामात ज्यांनी वेळ दिला त्या आजी-माजी कार्यकारिणीला मनापासून धन्यवाद. आता पुढची पिढी रांगायला लागली आहे. बी विंगमधली ती मनगट मोडलेली मुलगी गेल्या वर्षी लग्न होऊन याच विंगमध्ये भाड्यानं राहायला आली आहे. तिच्या घरी या दिवाळीत पाळणा हलणार आहे. ते मूल चालायला लागेपर्यंत आपल्या हातात साधारण वर्षभर आहे. तेवढ्यात वाळू येऊन पडायला हवी.